दोन वाजता दोरी कोण ओढणार?



या महिन्यात खरं तर घरच्या वाय-फायवर लिहायचं ठरवलं होतं. पण पावसाळा तोंडावर आलाय, आणि गेल्या पावसाळ्यातली एक रात्र अजून डोक्यातून जात नाही. म्हणून आधी हे लिहून टाकतो.

जुलैचा दुसरा आठवडा. मी पुण्यात, आईबाबा बेळगावात, अनगोळच्या घरी. रात्री एक वाजायला पाच मिनिटं असताना आईचा फोन आला. मागे एकसारखा पीं-पीं आवाज. आई म्हणाली, "करंट अकराला गेलाय. आता इन्व्हर्टर पण बसला. मशीन ओरडायला लागलंय. आणि सिलिंडरची चावी सापडेना झालीय."

मशीन म्हणजे बाबांचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. बाबांना फुफ्फुसांचा फायब्रोसिस आहे. दिवसा बसल्या जागी ठीक असतात, रात्री झोपताना मात्र डॉक्टरांनी दोन लिटर ऑक्सिजन सांगितलाय. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं हे यंत्र विजेवर चालतं. वीज गेली की यंत्रात साठा असा काही उरत नाही. नळी नाकात असते, पण त्यातून काही येत नाही. अशा वेळेसाठी एक छोटा सिलिंडर घरात आणून ठेवला होता. पण त्याचा वॉल्व्ह हाताने उघडत नाही, त्याला चावी लागते. ती चावी कुणीतरी 'हरवायला नको' म्हणून जपून ठेवली होती, आणि जपून ठेवलेल्या वस्तूंचं आपल्या घरात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

पुढची वीस मिनिटं मी पुण्यात फोन कानाला लावून उभा होतो. शेजारच्या वैनी धावत आल्या, हातात पेटती मेणबत्ती. बाबांनी बोलता येत नसतानाही हाताने खूण करून ती बाहेर न्यायला लावली. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा ८४ पर्यंत उतरला. चावी शेवटी शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली सापडली. सिलिंडर सुरू झाला, दहा मिनिटांत आकडा ९२ वर आला आणि आई फोनवर म्हणाली, "झोप आता तू." मी काय झोपणार.

दोष कुणाचा? वीज मंडळाला शिव्या देणं सोपं आहे, आणि सकाळी मी त्या दिल्याही. पण पावसात झाड पडून तार तुटली होती; खानापूर-बेळगाव पट्ट्यात हे दर पावसाळ्यात होतं. खरा दोष माझा होता. लॉकडाउनमध्ये घरून काम करायचं म्हणून मी इन्व्हर्टर बसवून घेतला होता: १५० अँपिअर-अवरची एक ट्यूब्युलर बॅटरी, त्यावर लॅपटॉप, दोन पंखे, चार दिवे, राउटर. तेव्हा हिशेब बरोबर होता. मग बाबांचं मशीन आलं आणि ते त्याच लाइनवर लावलं. चाललं. चाललं म्हणजे जमलं, असं मी धरून चाललो. ऑफिसात सर्व्हरवर नवीन लोड टाकायच्या आधी आम्ही चार मीटिंगा घेतो, आणि घरी मी साधा गुणाकार केला नव्हता.

तो गुणाकार आता इथे करतो, कारण दुकानात तो कुणी करून देत नाही. तिथे विचारतात, "किती पंखे, किती दिवे?" आणि सांगतात, "सहा तास आरामात."

बॅटरीवर १५० एएच आणि १२ व्होल्ट लिहिलेलं असतं. गुणाकार १,८०० वॉट-तास, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत पावणेदोन युनिटच्या थोडं वर. आमचा त्या रात्रीचा लोड मी नंतर प्लगमध्ये लावायच्या वॉटमीटरने मोजला. मशीन ३२० वॉट, दोन जुने पंखे १५०, बाकी किरकोळ ३०. एकूण ५००. कागदावर साडेतीन तास निघतात. प्रत्यक्षात मिळाला एक तास चाळीस मिनिटं.

बाकीचा वेळ कुठे गेला? बॅटरीवरच्या १५० आकड्याशेजारी बारीक अक्षरात सी-२० असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, ही बॅटरी साडेसात अँपिअरने वीस तास चालवली तर १५० भरते. तुम्ही ती जोरात ओढलीत तर ती तेवढी देत नाही. बाराच्या बॅटरीवरून ५०० वॉट ओढायचे, त्यात इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरायचं, म्हणजे पन्नास अँपिअरच्या आसपास. या वेगाने शिशाची बॅटरी जेमतेम दोन-तृतीयांश देते. वर आमची तीन वर्षं जुनी. संपला हिशेब. दुकानदार खोटं बोलत नव्हता. दोन पंखे आणि चार दिव्यांना सहा तास मिळालेही असते.

आणखी एक गोष्ट वॉटमीटरमुळे कळली. मला वाटत होतं, पाच लिटरचं मशीन दोन लिटरवर ठेवलं की वीज कमी खाईल. आमचं तरी खात नाही. आतला कॉम्प्रेसर तेवढाच पळतो, बाहेर सोडायचं प्रमाण फक्त कमी होतं. तुमच्याकडे असं यंत्र असेल तर अंदाज करू नका, मोजा.

पुढच्या शनिवारी घरी पोचलो तेव्हा वडगावचे मामा आले होते. मामांचे यंत्रमाग आहेत. वीज आणि ती नसणं, यावर आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांचा सल्ला तयार होता. "बॅटरीच्या नादाला लागू नकोस. दोन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घे. पेट्रोल घाल, दोरी ओढ, रात्रभर चालव. बॅटरी संपते, पेट्रोल परत आणता येतं की."

मामांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बॅटरी म्हणजे टाकी, जनरेटर म्हणजे विहीर. वीज चार तास जाणार की चाळीस, हे माहीत नसेल तर विहीर बरी. शिवाय त्याच पैशांत जनरेटर कितीतरी जास्त वॉट देतो. मी मात्र लिथियमचे व्हिडिओ बघून आलो होतो, मोबाइलवर टक्के दाखवणारं ॲप वगैरे. आमची दोघांची जुंपली. मी आवाजावर बोललो, ते किमतीवर.

आई पोहे ढवळत ऐकत होती. तिने एकच विचारलं. "रात्री दोन वाजता, पावसात, मागच्या दारी जाऊन ती दोरी कोण ओढणार? मी? की तू पुण्यातून ओढणार?"

मामा गप्प झाले. मीही.

बॅटरी की जनरेटर या प्रश्नावर मी पुष्कळ वाचलं होतं. वॉट, तास, रुपये, डेसिबल. हा प्रश्न कुठल्याच तक्त्यात नव्हता. आपल्या मंडळातल्या किती घरांत आज हेच चित्र आहे ते आठवून बघा: आईवडील बेळगावात, शहापुरात, खानापुरात; मुलं पुण्यात, बंगळुरात. आई बासष्ट वर्षांची, खांदा दुखतो. थंड इंजिनाची दोरी पहिल्या झटक्यात लागत नाही, मलाही तीन-चार लागतात. बटणावर सुरू होणारे जनरेटर मिळतात, पण त्या बटणामागेही एक बॅटरी असते, आणि महिनोन्‌महिने न चालवलेल्या जनरेटरची ती बॅटरी नेमकी त्याच रात्री मेलेली असते. त्यामुळे आमच्या घरी पहिली अट ठरली: लाइट गेल्यावर कुणालाही उठावं लागता कामा नये. पहिला मान बॅटरीला.

मग कोणती, ते ठरवायला आम्ही उलटीकडून सुरुवात केली. दुकानात जाण्याआधी वहीच्या एका पानावर लिहिलं की रात्री काय बंद पडलं तर चालणार नाही. मशीन. बाबांच्या खोलीतला पंखा. एक दिवा. राउटर, कारण मोबाइलची रेंज आमच्या घरात यथातथाच आणि फोन वाय-फायवरूनच लागतो. बस. फ्रिज नाही, टीव्ही नाही, बाकीचे पंखे नाहीत. आईने मिक्सरसाठी थोडी घासाघीस केली, पण रात्रीची चटणी सकाळी वाटता येते हे तिनेच मान्य केलं. खोलीतला जुना ७५ वॉटचा पंखा काढून ३० वॉटचा बीएलडीसी बसवला. एकूण लोड ३७० वॉट. रात्रीचे आठ तास म्हणजे तीन युनिट. इन्व्हर्टरची खादाडी आणि बॅटरी तळापर्यंत न उपसण्याची शिस्त धरली तर चार युनिटांहून थोडी मोठी बॅटरी हवी.

हे काम शिशाच्या बॅटऱ्यांनीही झालं असतं. १५० च्या चार जोडल्या तर रात्र निघते. लिथियम घेतली ती एका वेगळ्या कारणासाठी. आपल्याकडे पावसाळ्यात वीज एकदा जाऊन येत नाही. रात्रभर जाते, सकाळी तीन तास येते, पुन्हा जाते. शिशाची रिकामी बॅटरी भरायला घरगुती इन्व्हर्टरवर दहा-बारा तास लागतात. तीन तासांत ती पाव-अर्धी भरणार आणि दुसऱ्या रात्री अर्ध्यावरच सुरुवात. वर अशी अर्धवट भरलेली राहिली की ती लवकर मरते. लिथियम फॉस्फेटची बॅटरी मोठा करंट घेते, आमची तीन-साडेतीन तासांत भरते. ५१.२ व्होल्ट, १०० एएच, म्हणजे पाच युनिटची. पैसे शिशाच्या चारांपेक्षा बरेच जास्त गेले. मामांनी बिल बघून "एवढ्यात एक जुना माग आला असता" असं म्हणून घेतलं.

पण म्हणून सगळ्यांनी लिथियम घ्यावी असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरी दोन-तीन पंखे, दिवे आणि राउटर एवढंच चालवायचं असेल, लाइट दोन-चार तासांत परत येत असेल, तर साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि एक ट्यूब्युलर बॅटरी यापुढे जायची गरज नाही. ती गल्लीतल्या माणसाला दुरुस्त करता येते, जुनी झाली की भंगारात पैसे देऊन जाते. फक्त दर तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघायची आणि ती बंद कपाटात कोंडायची नाही, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर मात्र नको. त्यावर पंखे घुंई-घुंई करतात आणि मशीनसारख्या मोटरच्या वस्तू तापतात. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीच्या जनरेटरवर तुमच्या घरातले नेमके कोणते पॉइंट आहेत ते आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी तो लिफ्ट आणि जिन्यापुरताच असतो.

इन्व्हर्टरमागे एक छोटा खटका असतो, यूपीएस मोडचा, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. यूपीएस मोडवर ठेवला की व्होल्टेज थोडं खाली गेलं तरी इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो. कॉम्प्युटरसाठी ते छान. पण संध्याकाळी व्होल्टेज पडतं त्या भागात लाइट असूनही तुमची बॅटरी गुपचूप उतरत राहते, आणि रात्री खरोखर लाइट गेली की अर्धीच उरते. आमच्या जुन्या इन्व्हर्टरवर हा खटका माझ्या लॅपटॉपसाठी यूपीएसवर होता. त्या जुलैच्या रात्री अकरा वाजता बॅटरी पूर्ण भरलेली तरी होती का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

आता मामांच्या विहिरीकडे. ती आम्ही सोडलेली नाही. २०१९ च्या ऑगस्टमधला पाऊस बेळगावात कुणी विसरलेलं नाही. तसं काही झालं तर एका रात्रीची बॅटरी पुरायची नाही. तेव्हा मामांचा जनरेटर आमच्याकडे येईल, पण दिवसाउजेडी, बॅटरी भरायला. रात्री तो बंद.

त्याची तालीम आम्ही दिवाळीच्या सुट्टीत केली आणि तीन गोष्टी अडल्या. एक, जनरेटर सुरूच होईना. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टाकीत सहा महिने पडून कार्बुरेटर चिकटला होता. आता तो महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं, काहीतरी लोड लावून चालवायचा आणि मग टाकी रिकामी करायची, असं मामांनी कबूल केलंय. दोन, सुरू झाला तर आमचा इन्व्हर्टर त्याची वीज घेईना. छोट्या जनरेटरची वीज डुलते, इन्व्हर्टरला ती संशयास्पद वाटते. तो साध्या मोडवर टाकल्यावर घेतली. तीन, बॅटरी पूर्ण वेगाने भरायला लावली की मशीन धरून लोड सोळाशे वॉटच्या वर गेला आणि जनरेटर गुदमरला. चार्जिंगचा करंट सेटिंगमध्ये निम्मा केला तेव्हा शांत झाला. या तिन्ही गोष्टी पुराच्या दिवशी कळल्या असत्या तर?

जनरेटर कुठे ठेवायचा यावर मात्र मी मामांचं काही ऐकलं नाही. त्यांचं म्हणणं, मागच्या व्हरांड्यात ठेवू, पावसापासून आडोसा आहे. नाही. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो. व्हरांड्यात, जिन्याखाली, गॅरेजचं शटर अर्धं उघडं ठेवून, यातलं काहीही चालत नाही. बाबांच्या फुफ्फुसांची गोष्ट सोडा, धडधाकट माणसंही झोपेतच जातात. जनरेटर परसात, घरापासून लांब, खिडक्यांपासून दूर, धुराचं तोंड उलट्या दिशेला. पावसासाठी वर चारी बाजूंनी मोकळं पत्र्याचं छप्पर. आणि दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून तो घरातल्या सॉकेटमध्ये खुपसायचा उद्योग कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते आणि खांबावर तार जोडत असलेल्या माणसाला लागते. वायरमनला बोलावून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. मोठा खर्च नाही.

एवढं सगळं करूनही शेवटचा भरवसा विजेवर नाहीच. तो सिलिंडरवर आहे. बॅटरीचा फ्यूज उडू शकतो, खुद्द मशीन बिघडू शकतं. आमच्या छोट्या सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दोन लिटर म्हणजे बारा-साडेबारा तास. त्याला बॅटरी लागत नाही, दोरी लागत नाही. तुमच्या घरी कुणी ऑक्सिजनवर असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारून ठेवा की वीज गेल्यावर किती वेळ ऑक्सिजनशिवाय चालेल आणि कोणत्या आकड्याला हॉस्पिटल गाठायचं. आणि त्या खोलीत मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन काही नको. अंधारात हात पहिला काडेपेटीकडे जातो, म्हणून आम्ही पलंगाच्या कठड्याला टॉर्च बांधून टाकलीय. आई देवाला दिवा आता स्वयंपाकघरात लावते.

गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री दहाला मी मेन स्विच खाली केला. कुणाला आधी सांगितलं नव्हतं. मशीनची घरघर थांबली नाही, बाबांना कळलंही नाही. आई अकराला पाणी प्यायला उठली, स्वयंपाकघरातला दिवा लागेना म्हणून माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "तूच केलंस ना हे?" सकाळी सहाला बॅटरीवर ३३ टक्के उरले होते. मग आईला सिलिंडर सुरू करायला सांगितलं, मी घड्याळ लावलं. चावी हातात, वॉल्व्ह उघडा, फ्लो मीटर दोनवर, नळी बदलली: एक मिनिट दहा सेकंद.

चावी आता सिलिंडरच्याच गळ्यात असते, लाल नाडीने बांधलेली. दुसरी चावी शेजारच्या वैनींकडे दिलीय.

वाय-फायचं पुढच्या महिन्यात, नक्की.